डेटा टाइप बदलला, डिसिजन टेबल जुनंच राहिलं – मदत हवी आहे

कासव२१
सकाळपासून अडकलोय. 'अर्जप्रकार' टाइपमध्ये तीन व्हॅल्यू होत्या: साधा, तातडीचा, फेरअर्ज. आता 'तातडीचा'चं 'तत्काळ' केलं आणि 'ऑनलाइन' ही नवी घातली. डिसिजन टेबलं (अटी आणि त्यांची उत्तरं ओळीओळीनं मांडलेले तक्ते) मात्र जिथल्या तिथं! अशी ११ टेबलं आहेत. सिंकचं बटण कुठे असतं? संध्याकाळपर्यंत द्यायचंय.

चौकट
कुठलं सॉफ्टवेअर? डीएमएन (निर्णयाचे नियम मांडायची प्रमाणित पद्धत) आहे का? हिट पॉलिसी, म्हणजे अनेक ओळी जुळल्या तर काय करायचं तो नियम, कोणती? एरर काय येतो?

कासव२१
डीएमएनच. पॉलिसीला हात लावलेला नाही. एरर येत नाही हीच तर पंचाईत आहे. 'तत्काळ' दिलं की उत्तर नल, म्हणजे रिकामं.

चौकट
हात लावला नसेल तर युनिक, म्हणजे एका वेळी एकच ओळ जुळायला हवी. नल येणारच. सेलमधलं "तातडीचा" म्हणजे अवतरणातला नुसता मजकूर, टाइपमधल्या यादीशी तो बांधलेला नसतो. एकही ओळ जुळली नाही आणि डीफॉल्ट आउटपुट नसलं की नल. शिवाय इनपुट कॉलमला चालणाऱ्या व्हॅल्यूंची स्वतःची वेगळी यादी असू शकते, तीही बघा.

जुनीवही
म्हणूनच आम्ही सगळे नियम एक्सेलमध्ये ठेवतो. कुणालाही उघडून वाचता येतात. तुम्हीही तिकडेच हलवा.

चौकट
अहो, एक्सेलमध्ये तरी जुनं नाव कोण बदलणार? तिथंही हातानंच. आज संध्याकाळपर्यंत त्यांनी ११ टेबलं हलवायची का?

मेघ_क
तारखांचे कॉलम असतील तर तारीख नुसता मजकूर म्हणून लिहू नका. डेट फंक्शनमध्ये घाला, वर्ष-महिना-दिवस या क्रमानं. माझे दोन दिवस यातच गेले होते.

कासव२१
ताई, माझ्याकडे तारीख नाहीच.

रानवाट
डीएमएन फाइल म्हणजे एक्सएमएल. टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, शोधा-बदला चालवा. ११ टेबलं, १० मिनिटं.

चौकट
सरसकट नको. 'तातडीचा' हा शब्द आउटपुटमध्ये किंवा वर्णनातही असेल, तोही बदलून जाईल. आणि नव्या व्हॅल्यूचं काय? कासव, एखाद्या ओळीत नॉट("साधा"), म्हणजे 'साधा' सोडून काहीही, किंवा नुसती आडवी रेघ, म्हणजे काहीही चालेल, असं आहे का? 'ऑनलाइन' गुपचूप तिथं जाऊन बसेल. मग नल नाही, चुकीचं उत्तर मिळेल. कुठल्याच ओळीत न बसणाऱ्या व्हॅल्यू शोधणाऱ्या गॅप अ‍ॅनालिसिसलाही ते सापडत नाही, कारण ओळ जुळलेली असते.

कासव२१
आहे! चौथ्या टेबलात तिसरी ओळ, नॉट("साधा"). 'ऑनलाइन' अर्जाला छाननी 'दुहेरी' येतेय, हवी होती 'एकेरी'. हे असंच पुढे गेलं असतं.

रानवाट
बरं, सरसकटचा सल्ला मागे घेतो, एकेक बघूनच बदला. आणखी एक: कुठे प्रायॉरिटी पॉलिसी (अनेक ओळी जुळल्या तर वरच्या प्राधान्याचं उत्तर) असेल तर आउटपुट व्हॅल्यूंच्या यादीतला क्रमच प्राधान्य ठरवतो. ती यादी उगाच वरखाली करू नका.

चौकट
प्रत्येक टेबलाला प्रत्येक व्हॅल्यूची एक टेस्ट लिहा. चार व्हॅल्यू, ११ टेबलं, ४४ टेस्ट. पुढच्या बदलाला याच टेस्ट आधी ओरडतील.

मेघ_क
सॉफ्टवेअर कुठलं ते अजून कळलं नाही.

कासव२१
सांगतो, आधी हे उरकू दे. सात टेबलं झाली. नवव्यात मात्र इनपुटचा टाइपच 'एनी' (काहीही चालेल) ठेवलाय कुणीतरी, यादीच नाही. तो 'अर्जप्रकार' केला तर जुन्या ओळी मोडतील का?