मदत हवी आहे : मुलीसाठी ३० हजारांत लॅपटॉप, रविवारच्या आत

रात्रपाळी (गुरुवार, सकाळी ७.५०)
नमस्कार. मुलीसाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. बजेट ३० हजार, अगदीच झालं तर ३२. कोणत्या कंपनीचा चांगला तेवढं सांगा. रविवारी सुट्टी आहे, तेव्हाच घेणार, सोमवारपासून पाळी बदलते. काल एमजी रोडला एका दुकानात चौकशी केली. २६ हजारांचा नवा दाखवला, दिसायला छान, हलका. शेवटचे दोनच पीस आहेत म्हणतो. घेऊन टाकू का? "गरजेनुसार घ्या" असं कृपया लिहू नका, गरज आहे म्हणूनच विचारतोय.

स्क्रूड्रायव्हर (गुरुवार, ८.१५)
कोणता दाखवला ते लिहा ना. प्रोसेसर, रॅम, स्टोरेज. छान दिसतो एवढ्यावरून काय सांगणार? मुलगी कितवीला आहे?

रात्रपाळी (९.०२)
दहावी झाली. दुकानदाराने चिठ्ठीवर लिहून दिलंय: सेलेरॉन, ८ जीबी, १२८ जीबी, विंडोज ११. आता झोपतो, पाळी करून आलोय. कंपनीचं नाव सांगून ठेवा.

फ्रेमरेट (९.३०)
काका, ३० मध्ये धड काही येत नाही. दोन-तीन महिने थांबा, ६० जमवा आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला घ्या. माझ्याकडे तसाच आहे, १४४ हर्ट्झचा स्क्रीन, जड गेम पण सुरळीत चालतात. चार वर्षं बघायला नको.

द्राक्षबाग (१०.१०)
६० हजार काय झाडाला लागतात? त्यांनी ३० लिहिलंय. आम्ही पुतण्याला टॅब घेऊन दिला, वर कीबोर्डचं कव्हर. क्लासचे व्हिडिओ, पीडीएफ, नोट्स सगळं त्याच्यावर. चार्जिंग दिवसभर टिकतं. आमच्याकडे पिंपळगावला विजेचा भरवसा नाही, त्यामुळे मला तरी तेच महत्त्वाचं वाटतं.

कॉलेजरोड (१०.४५)
दुकानात जाऊच नका. ऑनलाइन सेल लागला की घ्या, बँकेच्या कार्डावर सूट मिळते. आता जीएसटीही २८ वरून १८ झालाय, भाव अजून उतरतील.

स्क्रूड्रायव्हर (११.२०)
@कॉलेजरोड, जीएसटीचं चुकीचं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आले ते एसी, ३२ इंचांवरचे टीव्ही, डिशवॉशर. लॅपटॉपवर आधीही १८ होता, आताही १८ आहे. उलट २०२५ संपता संपता रॅमचे भाव चढायला लागले, कारण मेमरीचे कारखाने एआयच्या डेटा सेंटरांकडे वळले. थांबून स्वस्त मिळेल या भरवशावर राहू नका.

@रात्रपाळी, तो २६ हजारांचा घेऊ नका. चिठ्ठीवर १२८ जीबी लिहिलंय पण एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची वेगवान डिस्क, असं लिहिलेलं नाही. या वर्गातल्या मशीनला बहुतेक वेळा ईएमएमसी असते, म्हणजे स्वस्त फोनमध्ये असते तशी मेमरी, थेट बोर्डावर सोल्डर केलेली. हळू चालते आणि भरली की बदलता येत नाही. विंडोज, त्याचे अपडेट, एक-दोन मोठी सॉफ्टवेअरं टाकली की जागा संपत येते. दुसरं असं की सेलेरॉन हे नाव इंटेलने २०२३ पासून लॅपटॉपच्या नव्या चिपना द्यायचंच बंद केलं. "शेवटचे दोन पीस" याचा अर्थ जुना माल असाही असू शकतो.

फळा_खडू (दुपारी १.०५)
दहावीनंतर कुठे गेली? अकरावी, आयटीआय की डिप्लोमा? मी डिप्लोमाच्या मुलांना शिकवते म्हणून विचारतेय. अकरावीला असेल तर लॅपटॉपची घाई करायचं कारण नाही. डिप्लोमाला असेल तर शाखा सांगा. त्यावरच सगळं ठरतं.

आजोबा_देवळाली (१.४०)
विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप मिळणार असल्याचा निरोप आमच्या गटावर आला आहे. एक विद्यार्थी एक लॅपटॉप अशी योजना आहे. फॉर्म भरून बघावा, ३० हजार वाचतील.

फळा_खडू (१.५५)
आजोबा, तुम्ही चांगल्या मनाने सांगितलंत, पण तो निरोप खोटा आहे. आमची अशी कोणतीही योजना नाही, असं एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनेच जाहीर केलेलं आहे. त्या लिंकवर आधार क्रमांक किंवा बँकेची माहिती अजिबात भरू नका. गटावरही तसं कळवा. दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत दोन-तीन पालक तरी तो निरोप मला दाखवतात.

रात्रपाळी (संध्याकाळी ५.३०)
उठलो. कंपनीचं नाव एकानेही सांगितलं नाही. मुलगी डिप्लोमाला आहे.

फळा_खडू (५.३४)
शाखा?

रात्रपाळी (५.५०)
सिव्हिल. पहिलं वर्ष. सिडकोतून नाशिकरोडला जाते सिटीलिंकच्या बसने.

फळा_खडू (६.४०)
हे पहिल्याच ओळीत लिहिलं असतंत तर टॅबचा विषय निघालाच नसता.

सिव्हिलच्या मुलीला आज ना उद्या ऑटोकॅड, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर, लागणार. टॅबवर ते चालणार नाही, क्रोमबुकवरही पूर्ण बसत नाही. विद्यार्थ्यांना ते बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीकडून मोफत मिळतं. कॉलेजचा पुरावा द्यायचा, एक वर्षाची परवानगी मिळते आणि शिकत असेपर्यंत दर वर्षी वाढवता येते. त्यामुळे सॉफ्टवेअर भरून देतो म्हणून दुकानदार हजार-दीड हजार मागेल, ते देऊ नका. चोरीची प्रत तर नकोच, तिच्याबरोबर व्हायरस येतात.

८ जीबी रॅम ही ऑटोकॅडची किमान अट आहे. एका बंगल्याचा प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन काढायला तेवढी पुरते. पुढे रेव्हिट, म्हणजे इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर, शिकायचं म्हटलं तर १६ लागेल. म्हणून आज ८ घ्या, पण रॅम वाढवायला दुसरा स्लॉट असलेलाच घ्या. नव्या स्वस्त मॉडेलांत पुष्कळदा रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, मग तिथेच अडकायला होतं. एसएसडी २५६ तरी हवी. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची डिप्लोमाच्या मुलांना गरज पडत नाही, निदान माझ्या वर्गात कोणाचं अडलेलं नाही. स्क्रीन मात्र १९२० बाय १०८० चाच बघा. १३६६ बाय ७६८ वर वरची पट्टीच इतकी जागा खाते की ड्रॉइंग धड दिसत नाही.

पेंग्विनप्रेमी (७.१५)
विंडोज हवंच कशाला? त्याच्या जागी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाका, फुकट आहे, जुन्या मशीनवरही पळतं. ड्रॉइंगसाठी लिब्रेकॅड आणि फ्रीकॅड आहेत. मी सहा वर्षं विंडोजला हात लावलेला नाही.

फळा_खडू (७.३०)
तुमचं चाललं ते खरं, पण प्रात्यक्षिक परीक्षेला लॅबमध्ये ऑटोकॅड समोर असतं आणि ते लिनक्सवर चालत नाही. घरी एक आणि परीक्षेला दुसरं, असं पहिल्या वर्षाच्या मुलीला नको. तिला कमांड हाताला बसवायच्या आहेत.

पेंग्विनप्रेमी (७.४२)
मुलांना एकाच कंपनीची सवय लावायची आणि पुढे आयुष्यभर त्याच कंपनीला पैसे भरायचे, हे मला पटत नाही. कॉलेजांनी हे बदलायला हवं.

फळा_खडू (७.५०)
बदलायला हवं हे मलाही मान्य आहे. पण त्यांना रविवारी लॅपटॉप घ्यायचा आहे.

रात्रपाळी (८.२०)
जुन्या मशीनवर पळतं म्हणजे किती जुन्या? मोठ्या मुलाचा २०१९ चा लॅपटॉप कपाटात आहे. चालू व्हायलाच दहा मिनिटं लागतात म्हणून ठेवून दिला.

स्क्रूड्रायव्हर (८.२६)
अहो दादा, घरात लॅपटॉप आहे हे आता सांगताय! खालचं स्टिकर वाचून लिहा. स्टार्टवर उजवं बटण दाबून सिस्टिम उघडा, तिथे प्रोसेसर आणि रॅम दिसेल.

रात्रपाळी (९.१०)
आय३ ७०२०यू, रॅम ४ जीबी, हार्डडिस्क १ टीबी. कामाला निघालोय.

स्क्रूड्रायव्हर (९.४५)
तो आळशी झालाय तो फिरत्या हार्डडिस्कमुळे आणि ४ जीबी रॅममुळे. एसएसडी आणि रॅम टाकली की एका मिनिटाच्या आत चालू होईल. पण मुख्य अडचण वेगळीच आहे. ७०२०यू ही सातव्या पिढीची चिप. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच लागते, आणि विंडोज १० ची साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. आडमार्गाने ११ टाकता येतं, टाकून देणारे पुष्कळ आहेत, पण मी गिऱ्हाइकाला तसं करून देत नाही. पुढचा मोठा अपडेट अडला की ते माझ्याकडेच परत येणार. त्यात एसएसडी टाकून लिनक्सवर घरच्या किरकोळ कामाला वापरा. इथे पेंग्विनप्रेमींचं म्हणणं बरोबर आहे. मुलीसाठी दुसरा बघा.

३० हजारांत माझं मत नूतनीकरण केलेल्या बिझनेस लॅपटॉपला. कंपन्या तीन-चार वर्षांनी हे काढून टाकतात. लेनोव्होचा थिंकपॅड टी४८० किंवा डेलचा लॅटिट्यूड ७४९०. दोन्ही आठव्या पिढीच्या चिपचे मिळतात, त्यांवर विंडोज ११ अधिकृत चालतं; सातव्या पिढीचेही असतात, ते घेऊ नका. दोन्हींत रॅमचे दोन स्लॉट, १४ इंच, मजबूत बिजागऱ्या. टी४८० ला एक बॅटरी आत असते, एक बाहेरून काढता येते, त्यामुळे बाहेरची बदलताना मशीन बंदही करावं लागत नाही.

कॉलेजरोड (१०.३०)
सेकंडहँडला माझा विरोध. मी एकाकडून वापरलेला घेतला, महिनाभराने बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा, पासवर्ड मागायला लागला. कुठल्याशा कंपनीचा लॉक होता. पैसे गेले, मशीनही गेलं. नव्यालाच हमी असते. थोडं ताणून आय३ १२१५यू, ८ जीबी, ५१२ एसएसडी घ्या.

स्क्रूड्रायव्हर (१०.५०)
तुमचं नुकसान झालं ते वाईटच. म्हणूनच दुकानात बसून तपासायचं. बायोस उघडून पासवर्ड मागतो का ते बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport टाइप करा. त्यातून तयार होणाऱ्या फाइलीत बॅटरीची मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता दोन्ही आकडे येतात. सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी बदलून मागा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर गेलात की दोनपैकी किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. सगळ्या कळा दाबा, वायफाय, कॅमेरा, टाइप-सीने चार्जिंग बघा. हमी तोंडी नको, बिलावर लिहून घ्या. १२१५यूला मी वाईट म्हणत नाही, सहा कोर आहेत, चांगली चिप आहे. पण त्यांचं बजेट ३२ ला संपतं.

फ्रेमरेट (११.१५)
टी४८० वर गेम चालणार नाहीत एवढं लक्षात ठेवा.

फळा_खडू (शुक्रवार, सकाळी ७.००)
@रात्रपाळी, एक राहिलंच. इतक्या जणांनी इतकं लिहिलं, मुलीला विचारलंत का, तिला काय हवंय?

रात्रपाळी (शुक्रवार, ९.२०)
आल्या आल्या विचारलं. तिने वहीच्या मागच्या पानावर आधीच लिहून ठेवलं होतं. १४ इंच, कारण बसमध्ये उभं राहावं लागतं आणि ड्रॉइंगचं सामान बरोबर असतं. शनिवारी आमच्याकडे वीज जाते म्हणून बॅटरी. आणि माऊस, साधा वायरचा. मला दाखवलं नव्हतं, पप्पा महाग म्हणतील म्हणून. मी काल दिवसभर कंपनीचं नाव विचारत बसलो आणि वही घरातच होती.

टी४८० रविवारी बघतो. ताई, तुम्ही विचारलंत ते बरं झालं.

द्राक्षबाग (९.४०)
भाऊ, माऊस पहिल्यांदा घ्या. टॅबचं मी मागे घेतो.

कॉलेजरोड (शनिवार, १०.०५)
अवांतर: माझा लॅपटॉप चार्जिंगला लावूनच वापरतो, बॅटरी फुगल्यासारखी वाटते, टचपॅड वर आलाय. चालेल ना?

स्क्रूड्रायव्हर (१०.०८)
चालणार नाही. आत्ता बंद करा, चार्जर काढा, दाबू नका, टोचू नका, आजच दुरुस्तीला द्या. फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेते.

रात्रपाळी (रविवार, संध्याकाळी ६.१५)
घेतला. कॅनडा कॉर्नरजवळ एका दुकानात टी४८०, आय५, ८ जीबी, २५६ एसएसडी, २४ हजार ५००. पहिला दाखवला त्याचा स्क्रीन १३६६ चा निघाला, मुलीनेच सेटिंगमध्ये जाऊन बघितलं आणि परत दिला. दुसऱ्याची आतली बॅटरी चांगली होती, बाहेरची निम्म्यावर आलेली, ती बदलून दिली. बायोस उघडून बघितला, पासवर्ड नाही. एक स्लॉट रिकामा आहे. सहा महिन्यांची हमी बिलावर लिहून घेतली. माऊस ३५० ला. उरलेल्यातून जुन्याला एसएसडी टाकणार, पेंग्विनप्रेमी, लिनक्स कसं टाकायचं ते तुम्हाला विचारीन. मुलगी मघापासून ऑटोकॅड उतरवून घेतेय.

पेंग्विनप्रेमी (६.३०)
कधीही विचारा. १६ जीबीचा पेनड्राइव्ह आणून ठेवा.

स्क्रूड्रायव्हर (६.४१)
छान झालं. बिलावर मशीनचा सीरियल नंबर लिहून घेतलात का? नुसतं "लॅपटॉप १ नग" असेल तर हमीच्या वेळी वाद होतो.

रात्रपाळी (६.५५)
नाही, १ नग एवढंच आहे. उद्या पाळी दुपारची आहे, सकाळीच जाऊन लिहून आणतो.