एकाच नव्या खेळात दोन व्यावसायिक लीग असणे हिताचे आहे का?

प्रश्न

अमेरिकेतील व्यावसायिक पिकलबॉल, म्हणजे छोट्या कोर्टवर पॅडल आणि छिद्रांच्या प्लास्टिक चेंडूने खेळला जाणारा टेनिससारखा खेळ, मी २०२२पासून मन लावून पाहत आलो आहे. पीपीए टूर आणि एपीपी टूर या स्पर्धांच्या दोन मालिका आणि २०२१मध्ये आठ संघांनिशी सुरू झालेली मेजर लीग पिकलबॉल, अशा तीन व्यवस्था तेव्हा मोजक्याच अव्वल खेळाडूंवर आणि त्यांच्या प्रेक्षकांवर हक्क सांगत होत्या. २०२३मध्ये पीपीए आणि मेजर लीग यांनी खेळाडूंना बांधून घेण्यासाठी चढाओढीने करार केले आणि त्यानंतर लगेचच एकत्र येण्याचे जाहीर केले. मधल्या काळात माझ्या आवडीचे दोन खेळाडू पुन्हा समोरासमोर येतील की नाही, हेच मला कळत नव्हते. खेळ अजून रुजत असताना अशी चुरस त्याला वाढवते की प्रेक्षकांची विभागणी करून दुबळे करते?

प्रतिसाद १

माझ्या मते दुबळे करते. जुन्या खेळात घरातल्या मोठ्यांकडून एखाद्या संघाची ओढ आपल्याकडे येते. नव्या खेळात तशी पुण्याई नसते, त्यामुळे प्रेक्षक आधी खेळाडूला ओळखतो आणि त्याच्या मागोमाग लीगपर्यंत पोहोचतो. खेळाडूच विभागले गेले, तर ही वाट मध्येच तुटते.

उत्तर अमेरिकेतील महिला आइस हॉकीत मी हे फार जवळून पाहिले. तेथे २००७पासून कॅनेडियन लीग होती. २०१५मध्ये खेळाडूंना पगार देणारी दुसरी लीग उभी राहिली आणि पुढची चार वर्षे उत्तम खेळाडू दोन ठिकाणी विखुरलेल्या राहिल्या. २०१९मध्ये कॅनेडियन लीग बंद पडली. त्यानंतर दोनशेहून अधिक खेळाडूंनी त्या हंगामात उत्तर अमेरिकेतील कोणत्याही लीगमध्ये न खेळण्याचा निर्णय घेतला. ऐन उमेदीचे हंगाम त्यांनी पणाला लावले, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. अखेर २०२३मध्ये उरलेली लीग विकत घेतली गेली आणि १ जानेवारी २०२४ रोजी सहा संघांची एकच लीग बर्फावर उतरली.

प्रतिसाद २

इतिहास बरोबर आहे, परंतु खेळाडूंच्या बाजूने पाहिल्यास निष्कर्ष बदलतो. २०२३च्या त्या व्यवहारात विकत घेतलेल्या लीगमधील खेळाडूंचे करार रद्द झाले होते. पिकलबॉलमध्येही दोन गिऱ्हाइके होती तोवर करारांच्या रकमा चढत गेल्या आणि एकत्रीकरण ठरताच खेळाडूंना मोठी वेतनकपात स्वीकारण्याची विनंती करण्यात आली.

अमेरिकन बास्केटबॉलपटूंना हा धोका पूर्वीच कळला होता. १९६७मध्ये एबीए ही लीग एनबीए या प्रस्थापित लीगला प्रतिस्पर्धी म्हणून उभी राहिली, तेव्हापासून खेळाडूंचे मोल वाढू लागले होते. म्हणूनच दोन्ही लीग एकत्र येऊ लागल्या तेव्हा, १९७०मध्ये, ऑस्कर रॉबर्टसन यांच्या नेतृत्वाखाली एनबीएच्या खेळाडू संघटनेने न्यायालयात धाव घेऊन ते रोखून धरले. तडजोड १९७६मध्ये झाली आणि एबीएचे चार संघ एनबीएत आले. प्रेक्षकांची सोय म्हणजेच खेळाचे हित, असे मानणे मला पटत नाही.

प्रतिसाद ३

एबीएचा विषय निघालाच आहे, तर तिची तीन गुणांची रेषाही, म्हणजे जिच्या बाहेरून केलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण मिळतात ती रेषा, आठवावी. एनबीएने ती १९७९-८०च्या हंगामात स्वीकारली, आणि आज तिच्याशिवाय बास्केटबॉलची कल्पनाही करवत नाही. सुस्थापित लीग सहसा असे धाडस करत नाही. ज्याला प्रेक्षक मिळवायचे आहेत, तोच करतो.

त्यामुळे मी चुरशीचे दोन प्रकार मानतो. तेच खेळाडू अधिक पैसे देऊन पळवणे हा एक प्रकार, आणि त्यातून प्रेक्षकांना नवे काहीच मिळत नाही. खेळ वेगळ्या रूपात मांडणे हा दुसरा. मेजर लीगने दोन स्त्रिया आणि दोन पुरुष असा संघ केला, महिला दुहेरी, पुरुष दुहेरी आणि दोन मिश्र दुहेरी सामने ठेवले, आणि २-२ अशी बरोबरी झाल्यास ड्रीमब्रेकर हा निर्णायक सामना आणला. त्यात एकेरी खेळताना दर चार गुणांनंतर खेळाडू बदलतात. तो पाहताना जागेवरून उठवत नाही. पारंपरिक पद्धतीत केवळ सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळतो, तर या लीगने प्रत्येक रॅलीला गुण देण्याचा प्रयोग केला.

प्रश्नकर्त्याला दिलासा द्यायचा तर, एकत्रीकरणानंतरही पीपीए टूर आणि मेजर लीग ही दोन्ही रूपे एकाच कंपनीखाली स्वतंत्रपणे चालू ठेवण्यात आली, त्यामुळे अव्वल खेळाडू दोन्हीकडे दिसतात. एपीपी मात्र त्या व्यवहाराबाहेरच राहिली.