‘कड’ म्हणजे नेमकं कोणतं हाड?

सुईदोरा: भूल देण्याआधी रुग्णाच्या हाती द्यायचं पत्रक मराठीत लिहितेय. मणक्यात सुई घालण्यापूर्वी आम्ही कमरेच्या दोन्ही बाजूंची हाडं चाचपतो आणि त्यांचे वरचे काठ जोडणारी आडवी रेघ मनात ओढतो. ती साधारण कमरेच्या चौथ्या मणक्यावरून किंवा चौथ्या-पाचव्यामधल्या फटीवरून जाते. ट्यूफिए या फ्रेंच सर्जनच्या नावाने ती ओळखली जाते. त्या काठाला मराठीत काय म्हणू? ‘खुबा’ म्हटलं तर एका आजींनी थेट मांडीच्या वरचं हाड दाखवलं, रेघेच्या कितीतरी खाली!

चिंचोके: खुबा म्हणजे सांधा, आजी बरोबर आहेत. तुम्हाला हवी ती ‘कड’. मूल कडेवर टेकतं ते तिथेच. संस्कृत कटि, प्राकृत कडि, मराठी कड. कडदोराही तिचाच.

रिकामटेकडा: जाता जाता, ‘माकडहाडात इंजेक्शन दिलं’ हे कितपत खरं? आमच्याकडे कमरेखालचं सगळंच माकडहाड.

सुईदोरा: माकडहाड म्हणजे अगदी शेवटचं टोक. लहान मुलांना खालून भूल देतात ती त्याच्या वरच्या त्रिकोणी हाडातल्या फटीतून. मोठ्यांची सुई त्याहून बरीच वर. छातीच्या पातळीवर द्यायची तर फऱ्याचं, म्हणजे खांद्यामागच्या पसरट हाडाचं, खालचं टोक बघतात, ते साधारण छातीच्या सातव्या मणक्याशी येतं. (‘फरा’ हा शब्द माझ्या ज्युनिअरना सांगावा लागतो.)

‘कड’ झकास. पण पत्रकात ‘साधारण’ हा शब्द मी सोडणार नाही. 2000 साली एमआरआयने पडताळलं तेव्हा भूलतज्ज्ञांनी हाताने ओळखलेली फट जेमतेम 29 टक्के वेळा बरोबर निघाली, आणि चूक बहुधा वरच्या बाजूला. मोठ्या माणसात मज्जारज्जू बहुतेक कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, म्हणून वरची चूकच जास्त भीतीची. पाठीवर चरबी असली की कड हातालाच लागत नाही, गरोदरपणात रेघ वर सरकते. मग सोनोग्राफी.

चिंचोके: मग वाक्य काय लिहिलंत?

सुईदोरा: ‘कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्या. मूल कडेवर घेता ना, त्या हाडाला आम्ही हात लावू, दचकू नका.’

रिकामटेकडा: आणि बाप्यांसाठी?

सुईदोरा: तुम्ही कधी पोर कडेवर घेतलं नाहीत वाटतं!