मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर गावात राहणे म्हणजे शिक्षण वाया घालवणे?

पऱ्हाटी: काल एका सदस्याने येथे सल्ला दिला, की मानसशास्त्र शिकलेल्याने विदर्भातील खेड्यात कुजण्यापेक्षा पुण्यात एखाद्या कंपनीचा मनुष्यबळ विभाग किंवा खासगी शाळेतील समुपदेशकाची नोकरी धरावी. हे वाचून राहवले नाही. मी यवतमाळ जिल्ह्यात हेच काम करतो. पीक हातचे गेलेला शेतकरी झोप येत नाही असे कधीच सांगत नाही. डोके जड झाले एवढेच सांगतो, आणि त्याच्याशी वऱ्हाडीत बोलणारे कोणी नसेल तर डोकेदुखीची गोळी घेऊन परत जातो. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी शासनाला प्रेरणा प्रकल्प उगाच सुरू करावा लागला का?

वर्धेचा वाटसरू: तो सल्ला माझाच होता. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात माझी बहीण कंत्राटी पदावर होती आणि दिवाळी उलटली तरी तिचे मानधन आले नव्हते. आपला कळवळा किराणा दुकानात चालत नाही.

मेळघाटी: दोघेही मूळ अडचण सोडून भांडत आहात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार नुसत्या एम.ए.वर कोणी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) ठरत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेले दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. किंवा तशीच मान्य अर्हता लागते. त्यात नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल.च मोडीत काढले आणि या विषयापुरती २०२५-२६ पर्यंत मुदत द्यावी लागली. तालुक्याच्या ठिकाणी नुसत्या एम.ए.वर पाटी लावून बसलेल्या एका समुपदेशकाने माझ्या भाचीला भासाचे आवाज ऐकू येत असताना ध्यान करायला सांगितले आणि उपचारांचे कित्येक महिने वाया घालवले.

पऱ्हाटी: म्हणून आम्ही सगळेच भोंदू ठरतो काय? अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने स्थानिक कार्यकर्त्यांनाच प्रशिक्षण देऊन नैराश्यावर काम केले आणि उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण वाढले. त्यांच्याकडे कोठे एम.फिल. होते?

मेळघाटी: उत्तम! मग आपल्या एम.ए.चीही गरज उरत नाही, आशाताई पुरेशा आहेत. त्या कार्यकर्त्यांच्या पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ होते, एवढा तपशील मात्र आपण सोयीने गाळलात.

पऱ्हाटी: पर्यवेक्षण हवे, एवढे मान्य करतो, ते करणारी मंडळी नागपूरच्या अलीकडे उतरायला तयार असतील तर. तोवर पुण्याचा रस्ता दाखवणाऱ्यांनी जाण्यापूर्वी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक निदान आपल्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून जावे.

वर्धेचा वाटसरू: भिंत अवश्य रंगवू. मानधनाविषयी मात्र अद्याप कोणीही उत्तर दिलेले नाही.