मदत हवी आहे: तळ्याकाठच्या जुन्या हवेलीतल्या तुळया

तळ्याकाठच्या छोट्या गावातली जुनी हवेली विकत घ्यायची आहे. भिंती चुन्यात बांधलेल्या दगडाच्या, तळमजल्याची जमीन लाकडी. भिंतींना कमरेपर्यंत ओल आहे. छत कोरडं, म्हणजे पाणी खालूनच चढतंय. आधी कुणीतरी सिमेंटचा गिलावा केलाय. त्यामुळे ओल आत कोंडते, म्हणून तो काढून चुन्याचा करणार, हे नक्की. वारसा यादीत असल्याने दर्शनी भागाला हात लावता येत नाही (लावूही नये, फार देखणा आहे). कागदपत्रं वकिलांनी तपासलीत.

काळजी जमिनीखालच्या तुळयांची. मधे ठोकून पाहिल्या, आवाज भरीव येतो. पण कुजतात ती भिंतीत गेलेली टोकं, आणि तिथे हात पोचत नाही. भिंत न फोडता ती कशी तपासतात? आणि इसार देण्याआधी बोलवायचं कुणाला, स्ट्रक्चरल इंजिनिअरला की वास्तुसंवर्धकाला?