वर्धा नदीचे जुने पात्र शोधायचे आहे : नकाशे आणि दप्तर कोणते पाहावे?

वर्धाकाठ :
नमस्कार. माझे गाव धामणगाव रेल्वे तालुक्यात वर्धा नदीच्या काठी आहे. गावठाणातून नदीकडे जाताना एका वावरात विटांचे तुकडे आणि बुजलेली विहीर लागते. जुने गाव तेथेच होते व पुरानंतर वर सरकले, असे वडीलधारी सांगतात. आमच्या काठाचा आणि पलीकडील आर्वी तालुक्याचा असे दोन जुने गावनकाशे मी जोडून पाहिले, तर मध्ये मोठी फट राहते. नदी तेवढी सरकली असे समजावे काय?

मोजणीदार :
ती फट लगेच नदीच्या नावावर मांडू नये. १८५३ च्या करारानंतर वऱ्हाड इंग्रजी कारभाराखाली आले, तरी १९०३ पर्यंत ते मध्य प्रांताहून वेगळे होते आणि वर्धा नदी ही दोहोंमधील सीमा होती. त्यामुळे आपल्या, म्हणजे वऱ्हाडच्या काठाची मोजणी मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीने (सारा थेट शेतकऱ्याकडून), सर्व्हे नंबर पाडून झाली, तर आर्वीकडे मालगुजारी बंदोबस्तात (सारा ठरवण्याच्या मोजणीत, तो मालगुजारामार्फत) शेतांना खसरा नंबर पडले. वर्षे निराळी, नकाशांचे प्रमाणही निराळे. अशा दोन कागदांची कड कडेला कशी लागणार? आधी दोन्हींवर न हललेल्या खुणा शोधाव्यात, म्हणजे देऊळ किंवा तीन गावांच्या शिवा मिळतात तेथील दगड.

एक इंचास एक मैल या प्रमाणाचे जुने सर्वेक्षण नकाशे संगणकावर बसवताना आणखी एक काळजी घ्यावी. ते एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रतिमानावर) आखलेले असतात आणि उपग्रहचित्रे डब्ल्यूजीएस ८४ या नव्या प्रतिमानावर. रूपांतर केले नाही, तर आपल्या भागात सारे शंभर मीटरांहून अधिक सरकते. मी स्वतः एकदा हा फरक विसरून ‘नदीने काठ बदलला’ असे लिहून बसलो होतो. नदीबरोबर मारुतीचे देऊळही तेवढेच सरकलेले दिसले, तेव्हा चूक कळली. शिवाय मोजणी उघाडीत होते, म्हणून नकाशावरची रेघ पुराची नव्हे, हे धरून चालावे.

माझा भरवसा रेघेपेक्षा आकड्यांवर अधिक आहे. काठच्या एकाच सर्व्हे नंबराचे क्षेत्र आणि पोटखराबा (त्यातील लागवडीस निरुपयोगी जमीन) दोन वेगवेगळ्या बंदोबस्तांत किती लिहिला आहे, ते ताडून पाहावे. क्षेत्र तेच राहून पोटखराबा वाढला असेल, तर जमीन खरडून गेल्याचा संशय घेता येतो. ही कागदपत्रे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मागावीत.

दप्तरी :
पुराचे वर्ष ठरवायचे असेल, तर कोतवाल पंजी, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही पाहावी. एकाच आठवड्यात बुडून मेल्याच्या नोंदी सलग लागल्या, की पूर सापडला म्हणून समजावे. (नक्कल मागताच जात पडताळणीचे काम असणार, असे धरले जाते, अर्जात ‘इतिहास अभ्यास’ असे स्पष्ट लिहावे.) वर्ध्याचे १९०६ चे आणि अमरावतीचे १९११ चे गॅझेटियर सोबत ठेवावे, त्यापूर्वीच्या कागदांसाठी नागपूरचे पुराभिलेखागार गाठावे, मात्र भोसलेकालीन कागद मोडीत असतील. वरच्या अंगाला मोवाड येथे ३० जुलै १९९१ रोजी याच नदीच्या पुराने दोनशेहून अधिक माणसे नेली. त्या पुराचे पाणी आपल्या गावात कोणत्या ओट्यापर्यंत आले होते, हे सांगणारी माणसे अजून आहेत. त्या खुणांची उंची आताच मोजून ठेवावी.

वर्धाकाठ :
दोघांचेही आभार. विहिरीचे वावर ज्या सर्व्हे नंबरात आहे, त्याच्याच पोटखराब्यापासून सुरुवात करतो. पलीकडच्या काठाचा नकाशा तूर्त गुंडाळून ठेवला आहे.