नोकरीचा बाँड: सही केली म्हणजे सगळंच बंधनकारक?

खडकवासलाकर: आयटीच्या करारांत हल्ली तीन गोष्टी सर्रास असतात. दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर ३ लाख भरा, सोडल्यावर वर्षभर प्रतिस्पर्धी कंपनीत जायचं नाही, आणि मूळ गुणपत्रिका कंपनीकडे. खाली ५०० रुपयांच्या मुद्रांकावर सही. यातलं कोर्टात काय टिकतं? इंग्लंडात ‘वाजवी’ बंधन चालतं म्हणतात. आपला कायदा तिथूनच आला ना?

कलमबहाद्दर: मुद्रांक बाजूला ठेवा. तो कमी पडला तर शुल्क आणि दंड भरून कागद पुराव्यात घेता येतो. पण पूर्ण भरला म्हणून कायद्याने रद्द असलेल्या अटीत जीव येत नाही.

वर्षभराच्या बंदीला करार कायदा १८७२ चं कलम २७ आडवं येतं. कायदेशीर धंदा-व्यवसायापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द. त्या कलमातला अपवाद एकच, गुडविलसकट (नावलौकिकासकट) धंदा विकला तर. इंग्लंडातली ‘वाजवी’ कसोटी न्यायाधीशांनी निकालांतून घडवली, १८९४ च्या नॉर्डेनफेल्ट खटल्यात ती पक्की झाली. आपलं कलम त्याच्या २२ वर्षं आधी लिहून झालं होतं आणि नोकरी सोडल्यानंतरच्या बंदीसाठी त्यात ‘वाजवी’ची सोय नाही. कॉमन लॉ, म्हणजे असा निकालांतून घडलेला कायदा, मोकळी जागा भरतो, लिहिलेलं खोडत नाही.

कराराची मुदत चालू असताना गणित वेगळं. कल्याणच्या टायरकॉर्ड (टायरमधला धागा) कारखान्यातले गोलिकरी पाच वर्षांचा करार मध्येच सोडून राजस्थानातल्या कोटा शहरातल्या प्रतिस्पर्धी कंपनीकडे गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये त्यांच्यावरचा मनाईहुकूम कायम ठेवला, पण उरलेल्या मुदतीपुरताच. परत कामावर या, असं मात्र कोर्ट सांगत नाही.

हिशेबनीस: ३ लाखांसाठी त्याच करार कायद्याचं कलम ७४ वाचा. करारातला आकडा ही कमाल मर्यादा, मिळते ती त्याच्या आतली वाजवी भरपाई. नुकसानच नसेल तर काही नाही, आणि सिद्ध करता येण्यासारखं असेल तर सिद्ध करावं लागतं (सर्वोच्च न्यायालय, कैलाशनाथ खटला, २०१५). म्हणून राजीनाम्यानंतर ईमेलवर प्रशिक्षणखर्चाचा तपशील मागायचा: कोणतं प्रशिक्षण, किती दिवस, कोणाला किती पैसे दिले. स्वतःच्याच सीनियरने आठवडाभर शिकवलं, तर ३ लाख दाखवताना घाम फुटतो. २४ पैकी १८ महिने झाले असतील तर प्रमाणात ७५ हजारांवर बोलणी सुरू करा. हे कायद्याचं सूत्र नव्हे, पण तडजोड बहुधा याच वाटेने होते.

कलमबहाद्दर: एक सावधगिरी. ‘बाँड म्हणजे कचरा’ हे व्हॉट्सॲपवरचं ज्ञान आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेचा तीन वर्षं, २ लाखांचा बाँड वैध धरला. सार्वजनिक बँकेला भरतीची सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते, हे तिथे महत्त्वाचं ठरलं. खाजगी कंपनी हा निकाल दाखवणारच, तेव्हा तिचा भरतीचा खर्च विचारा.

पोचपावती: गुणपत्रिकांचं: करार कायद्याच्या कलम १७१ चा सरसकट अडवून ठेवण्याचा हक्क बँकर, आडते वगैरे मोजक्यांनाच आहे, नोकरी देणाऱ्या कंपनीला नाही. पण करारात स्पष्ट लिहून दिलं असेल तर वाद होतो, म्हणून देतानाच ‘पडताळणीसाठी, परत करण्याच्या अटीवर’ अशी पोच घ्या.

वरच्या तीन गोष्टींत कोरा चेक नाही, पण कंपन्या तोही मागतात. सही करून दिलेला कोरा चेक रक्कम भरून बँकेत टाकता येतो. ‘स्टॉप पेमेंट’ केलं तरी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८ (चेक न वटण्याचा गुन्हा) लागू शकतं. नोटीस हातात पडल्यापासून रक्कम भरायला १५ दिवस असतात. देणं मान्य नसेल तर त्याच मुदतीत लेखी उत्तर, स्पीड पोस्टाने.

हिशेबनीस: आणि ग्राहकयादी पेनड्राइव्हवर घेऊन जाऊ नका. गोपनीयतेच्या दाव्याला कलम २७ ची ढाल लागत नाही.